आजीचा खार पाखरांना द्यायचाय

प्रश्न : नमस्कार काका. आम्ही मूळचे विटाव्याचे, आता कळव्यात राहतो. विटाव्याला खाडीकाठी आमचा एक एकर चौदा गुंठ्यांचा खार (खाडीचं पाणी अडवून केलेलं भातशेत) आहे. आजी तिथे भात पिकवायची. बाबांच्या लग्नाआधी कधीतरी खाडी अडवणारा मातीचा बांद फुटला, तो परत कुणी घातला नाही. आता एवढी तिवरं (खारफुटीची झाडं) माजलीत की तिथे उभं राहिलं तर खाडी दिसत नाही. एक माणूस भराव टाकायला जमीन मागतोय, दोन्ही काकांना टोकन द्यायलाही तयार आहे. मला आणि बाबांना वाटतं, आजीच्या नावाने ती फ्लेमिंगो अभयारण्याला देऊन टाकावी. चुलतभाऊ म्हणतो, अमेरिकेत लोकांनी अशाच जमिनी देऊन अभयारण्य केलं आणि विमानतळ अडवला. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे. इतर हक्कात ‘कु. का. क. ४३ चे बंधनास पात्र’ असं काहीतरी लिहिलंय. आपल्या ठाण्याच्या अभयारण्यासाठी अशी शेतजमीन कुणी दिली होती का? आणि आम्ही कशी द्यायची?
— एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा निवृत्त भूकरमापक म्हणून आणि एकदा घणसोलीच्या आजोळी वाढलेला पोरगा म्हणून. या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

दानाचं आधी सांगतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर खाडीचं पाणी. साधारण ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत, दोन्ही काठांनी. म्हणजे जवळपास निम्मं अभयारण्य पाणीच आहे, आणि पाण्याचा सातबारा निघत नाही. राहिलेली खारफुटी वनखात्याकडे आली ती सरकारी जमीन म्हणून. त्यामागे बक्षीसपत्रांचा, म्हणजे दानपत्रांचा, गठ्ठा नाही. कुणी शेतकऱ्याने उदक सोडून शेत दिलं आणि त्यावर पाखरं उतरली, अशी गोष्ट आपल्या खाडीला नाही.

पण म्हणून तिवरांखाली शेतं नव्हती असं समजू नका. घणसोलीच्या बाजूला तिवरांच्या आत शिरलं की एखादी लांबलचक उंचवट्याची ओळ लागते, पायाखाली चिखल जरा घट्ट होतो. तो बांद. ती जमीन कुणी दिली नाही; ती सुटली.

कशी सुटली ते सांगतो, कारण तुमच्या आजीच्या खाराचंही तेच झालेलं असणार. खाडीपलीकडे साष्टीत (मुंबई उपनगरं आणि ठाणे ज्यावर आहे त्या बेटावर) पूर्वी ‘शिलोत्री’ नावाचा जमीनधाऱ्याचा एक प्रकारच होता. ज्याने खाडी हटवून बांद घातला आणि जो तो राखतो, तो शिलोत्री. मालकी कागदाच्या आधी बांदावर ठरायची. आमच्या काठालाही रीत तशीच. गावच्या खाराला बाहेरून एक मोठा बांद, तो सगळ्यांचा. आतले बांध ज्याचे त्याचे. मोठ्या बांदाला उघाडी. लाकडी झडप, ती बाहेरच्या अंगाला उघडणारी. भरती आली की पाण्याच्या दाबाने आपसूक मिटायची, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जायचं. मृगाच्या पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघे, मग भिजवून मोड आणलेलं बी फेकायचं, त्याला रहू म्हणत. लावणी नाही, राब नाही, शेणखतही फारसं नाही. खाडीचा गाळच खत. भात राता जातीचं, काळा राता किंवा भुरा राता. लाल, जाड दाणा, खारटपणा सोसणारा. त्याची पेज आमच्या मामी करायच्या आणि वर सुक्या करंदीची चटणी. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, २, ३ अशा खार सोसणाऱ्या भाताच्या जाती काढल्या. पण मामी म्हणायच्या, राताच्या पेजेची चव त्यांना नाही. (मामींना नव्या कशाचीच चव आवडत नसे, हेही नमूद करतो.)

भात कापून झालं की जमीन पुढच्या पावसापर्यंत रिकामी. उन्हाळ्यात खालचं मीठ वर चढतं, दुसरं पीक येत नाही. त्याच दिवसांत बांदबंदिस्ती. प्रत्येक घरातून एक माणूस, खाडीची चिकणमाती ढेकळाढेकळाने काढून बांदावर थापायची. ज्या घरचा माणूस आला नाही त्या घराने भात द्यायचं. आणि उधाणाच्या भरतीला खांड पडली तर मामा मध्यरात्री हाकारा घालत निघायचे : “खांड परली, रात बगाची नाय!” कारण एका भरतीत बुजवली तर हातभर खांड असते, दुसऱ्या भरतीला ती बैलगाडी जाईल एवढी होते. एकदा खारं पाणी आत राहिलं की जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जातात.

हे सगळं माणसांवर चालत होतं. माणसं गेली, बांद गेले. १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, घरटी एक जण पाळीवर जायला लागला. पगार दर महिन्याला, भात वर्षातून एकदा. सरकारने १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा केला होता, १९७९ मध्ये नवा केला आणि बांद सरकारी योजनेत घेतले. हेतू चांगला, पण बांद सरकारी झाल्यावर रात्रीचा हाकारा कुणी घालायचा? आणि आमच्या बाजूला तर १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी नेमली गेली. जी जमीन आज ना उद्या जाणार, तिच्या बांदावर माती कोण थापील? जानेवारी १९८४ मध्ये या संपादनाविरुद्धच्या जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा विकसित भूखंड पदरात पडला. मामांचा खार संपादनात गेला. त्याआधी तीन वर्षं तो तसाही खाडीतच होता. मोबदल्याच्या कागदावर मात्र ‘भातशेती’ लिहिलं होतं, आणि मामांना त्याचं फार बरं वाटलं होतं.

बांद फुटला की आधी मोरस उगवते, मग मारांडी, मग तिवर. तिवराचं बी भरतीवर तरंगत येतं आणि चिखलात टेकलं की रुजतं. पाच-सात वर्षांत माणसाच्या डोक्यावर जातं. तुमच्या आजीच्या शेतात कुणी एक रोप लावलेलं नाही. खाडीने स्वतः लावणी केली.

आता भूकरमापक बोलतो.

काकांना टोकन घेऊ देऊ नका, हे सगळ्यात आधी. तिवरं उभी असलेल्या जमिनीवर भराव टाकता येत नाही, मग ती खाजगी का असेना. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर खारफुटी तोडायला आणि तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम करायला मनाई केली. मालकी कुणाची याने फरक पडत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ते पक्कं केलं. भराव टाकणारा रात्री डंपर रिकामे करून निघून जातो, नोटीस सातबाऱ्यावर ज्याचं नाव असतं त्याच्या पत्त्यावर येते. तुमच्या बाबतीत ती आजोबांच्या नावाने येईल.

यात एक कडवट गोष्ट आहे, ती लपवत नाही. या जमिनीचा बाजारात जो भाव असता, तो कायद्याने आधीच बांधून टाकला आहे. तुम्ही दिली काय, न दिली काय, तिथे इमारत होणार नाही. त्यामुळे ‘दान’ हा शब्द वापरताना मी जरा थांबलो असतो. देण्यासारखं तुमच्याकडे काय उरलंय ते आधी मोजावं लागेल, आणि मोजणं हाच माझा धंदा होता.

तर सातबारा. आजोबांचं नाव आहे, म्हणजे वारस नोंद झालेली नाही. ती होईपर्यंत तुम्ही, बाबा, काका कुणीच ही जमीन कुणाला देऊ शकत नाही. वारसांत आत्याही येतात. पत्रात तुम्ही आत्यांचा उल्लेख केलेला नाही, पण विटाव्याच्या घरात एकही आत्या नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. त्या सासरी गेल्या म्हणून हक्क जात नाही. मी चौतीस वर्षांच्या नोकरीत सगळ्यात जास्त भांडणं बांधावर पाहिली आणि त्यातली बरीच अशी की बहिणीला विचारलंच नव्हतं.

‘कु. का. क. ४३’ म्हणजे कुळकायद्याचं कलम ४३. याचा अर्थ तुमचे आजोबा किंवा त्यांचे वडील मूळ मालक नव्हते, कुळ होते. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कसणारा कुळ मालक मानला गेला, पुढे कलम ३२-ग खाली किंमत ठरली, हप्ते भरले, तेव्हा ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं. ते प्रमाणपत्र घरात शोधा. जुन्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांखाली असतं. अशी जमीन विकायला, बक्षीस द्यायलाही पूर्वी कलम ४३ खाली सरसकट परवानगी लागायची; २०१४ च्या दुरुस्तीने, कुळाने जमीन घेतल्याला दहा वर्षं झाली असतील तर शेतकऱ्याला देताना ती लागत नाही, नजराणा भरावा लागतो. पण अभयारण्य काही शेतकरी नाही, म्हणजे त्याला फुकट द्यायची म्हटली तरी जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढावी लागेल. सोबत फेरफारांच्या जुन्या नोंदीही काढून बघा. कुठे ‘खाजगी वने’ असा शेरा आहे का पाहा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा जमिनी सरकारजमा झाल्या, आणि ठाणे-मुलुंड भागात त्या शेऱ्यांनी लोकांना फार रडवलं. जुनी नुसती नोटीस काढली म्हणून वन सरकारजमा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये विक्रोळीच्या गोदरेजच्या जमिनीच्या दाव्यात म्हटलं, तेव्हा अनेकांना दिलासा मिळाला.

मग मोजणी. हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. बांद नाही, हद्दीचे दगड चिखलात, मग मोजायचं कसं असं वाटेल. टिपण बुकं असतात, गुणाकार बुकं असतात, जुन्या भूकरमापकाने शंकू साखळीने घेतलेली मापं त्यात आहेत. तेहतीस फुटांची ती साखळी, तिचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब-एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. मी नोकरीला लागलो तेव्हा अशाच एका बुडालेल्या खारात आम्ही दिवसभर दगड शोधत होतो. गावातली एक म्हातारी काठावर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, “दगर नका शोदू, उघारी शोदा. उघारीच्या उजव्या हाताला आमचा, डाव्या हाताला पाटलाचा.” उघाडीचं चिरेबंदी तोंड तिवरांच्या मुळांत अडकलेलं सापडलं. तिथून टिपणातली मापं धरली, आणि दीड फुटाच्या फरकाने सगळं जुळलं. तुमच्या आजी हयात असतील तर त्यांना आजच उघाडीचं विचारा. नसतील तर त्यांच्या वयाच्या शेजारणीला. हे कुठल्याही कचेरीत मिळणार नाही.

एवढं झालं, सगळ्यांच्या सह्या झाल्या, परवानगी मिळाली. मग वाटा तीन.

सरळ वाट बक्षीसपत्राची. नोंदणीकृत, दोन साक्षीदारांचं, आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेलं. घेणारं वनखातं असेल तर ते घ्यायला तयार आहे का, हे आधी लेखी विचारा. सरकार दान घ्यायला नेहमी हात पुढे करून उभं असतं असा आपला समज असतो. एका कचेरीत मी एका म्हाताऱ्याला आपली टेकडी सरकारला द्यायला चार वर्षं खेटे घालताना पाहिलंय. दर वेळी नवा साहेब त्याला विचारायचा, “यात तुमचा फायदा काय?”

दुसरी वाट महसूल संहितेच्या कलम ५५ ची. भोगवटादार तहसीलदारांना लेखी नोटीस देऊन जमिनीचा हक्क सोडू शकतो. याला आम्ही राजीनामा म्हणायचो. पण जमीन मग महसूल खात्याकडे जाते, पाखरांकडे नाही. तिथे पुढे काय होईल यावर तुमचा शब्द चालणार नाही. ही वाट मी सुचवणार नाही.

तिसरी वाट मला पटते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३६-क आणि ३६-ग घातली गेली. ३६-क म्हणजे संवर्धन राखीव क्षेत्र, ते सरकारी जमिनीवर. ३६-ग म्हणजे समुदाय राखीव क्षेत्र, ते खाजगी किंवा गावाच्या जमिनीवर, आणि मालकाने स्वतःहून पुढे यायचं. मालकी तुमचीच राहते. आजोबांच्या जागी तुमच्या सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर येतात आणि तिथेच राहतात. एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर समितीच्या ठरावाशिवाय आणि सरकारच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही, म्हणजे उद्याच्या पिढीतला कुणी टोकन घ्यायला गेला तरी त्याचे हात बांधलेले. अशा क्षेत्राला एकच मोठी अट, ते आधीच्या अभयारण्यात नसावं. तुमचं विटावं ऐरोलीच्या पुलाच्या उत्तरेला आहे, अभयारण्याच्या बाहेर. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला उणीव वाटत असेल, ती इथे उपयोगी पडते.

हे कुणी केलंय का? पंजाबात गुरदासपूरजवळ केशोपूर छंब म्हणून पाणथळ आहे. तिथल्या गावांनी आपली जमीन अशी २००७ मध्ये राखीव केली, पुढे २०१९ मध्ये ती रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक यादीत) गेली. केरळात कडलुंडी-वल्लिक्कुन्नू, तीही २००७ मध्ये, आणि ती तर आपल्यासारखीच खाडी आणि खारफुटी. एकट्या कुटुंबाच्या एकर-दीड एकराचं उदाहरण मात्र मी तुम्हाला देत नाही. तुम्ही शेजारच्या खारवाल्यांना सोबत घेतलंत तर अर्जाला वजन येईल. एक अडचण आहे. कायदा समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी धरून चालतो, आणि तुमचं गाव १९८२ पासून ठाणे महापालिकेत आहे. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शहरातला खार नव्हता. हे अर्जातच लिहून विचारा, तोंडी विचारू नका.

आजीचं नाव द्यायचं म्हणता. द्या. फक्त सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधीच नव्हतं, हे कागद चाळताना तुम्हाला टोचेल. बांदावर माती थापणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका असायच्या, आणि माझ्या नोकरीतल्या खारांच्या सातबाऱ्यांवर मी बायकांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली, तीही बहुतेक विधवा झाल्यावरची.

आता चुलतभावाची अमेरिका. तो म्हणतो ते खरं आहे, पण अर्धं.

न्यूयॉर्कपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, न्यू जर्सीत ग्रेट स्वॅम्प नावाचं दलदलीचं रान आहे. १७०८ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांकडून इंग्रजांनी तीस हजार एकर घेतले. बदल्यात काय दिलं? एक पिंप रम, पंधरा किटल्या, चार पिस्तुलं, चार तलवारी, असंच किरकोळ सामान आणि तीस पौंड रोख. मोबदल्याचा कागद वाचताना मला आमचे संपादनाचे कागद आठवले, इतकंच म्हणतो. पुढे लोकांनी तिथलं जंगल तोडलं, दलदलीतलं गवत कापून जनावरांना विकलं, उंचवट्यावर शेतं केली. १८४४ पर्यंत शेतं दिसायला लागली होती. मग लहान शेती परवडेना, शेतकरी निघून गेले, शेतांवर रान चढलं आणि सखल भाग पुन्हा दलदल झाला. इथपर्यंत ती गोष्ट आपल्या खाराचीच आहे की नाही पाहा. बांदाऐवजी चर, तिवराऐवजी त्यांची तिकडची झाडं.

फरक पुढे पडला. डिसेंबर १९५९ मध्ये बातमी फुटली की न्यूयॉर्कचं बंदर प्राधिकरण त्या दलदलीवर मोठा जेट विमानतळ करणार. जवळच्या गावांतली माणसं उठली. त्यात हेलन फेन्स्के नावाची एक गृहिणी पुढे होती, तिचं नाव तिकडे अजून घेतात. त्यांनी मोर्चे काढले असतील, पण मुख्य म्हणजे पैसे जमवले, दहा लाख डॉलरच्या वर. त्या पैशांनी जवळपास तीन हजार एकर विकत घेतले आणि सरकारला दान केले, वन्यजीवांसाठी म्हणून. ३ नोव्हेंबर १९६० ला ते राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान झालं. १९६८ मध्ये त्याच्या पूर्वेकडच्या भागाला कायमचं रान म्हणून वेगळं कायदेशीर संरक्षण मिळालं. विमानतळ तिथे झालाच नाही.

तेव्हा चुलतभावाला सांगा : तिथे ज्याची जमीन होती त्याला भाव मिळाला, मग ज्यांनी घेतली त्यांनी दान केली. दान देणारा आणि शेत सोडणारा बहुतेक वेळा वेगळा होता. जमीनही त्यांनी विमानतळ यायच्या आधी घेतली. आपल्याकडे उलवे-पनवेलला १,१६० हेक्टरवर विमानतळ झाला, उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचं पात्र वळवलं गेलं, दहा गावं उठली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटनही झालं. तिथल्या खारवाल्यांना कुणी दहा लाख डॉलर जमवून दिले नाहीत. जमवले असते तरी ९५ गावांचं संपादन होऊन तोपर्यंत चाळीस वर्षं लोटली होती.

तुम्हाला मात्र अजून वेळ आहे. आधी वारस नोंद, आत्यांसकट. बाकी सगळं नंतर.


प्रश्न : रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आल्यापासून आमच्या खाडीतली कोळंबी, चिंबोरी कमी झाली असं आमच्या कोळीवाड्यात म्हणतात. अभयारण्य पक्ष्यांचं झालं, आमचं पोट कुणी पाहिलं?
— एक वाचक, दिवा, ऐरोली

उत्तर : पोटाचा प्रश्न खरा आहे, आरोपी चुकीचा आहे. आपल्या खाडीत बहुसंख्य येतात ते लहान रोहित. त्यांची चोच गाळणीसारखी असते, पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खातात, त्यावरच त्यांचा गुलाबी रंग. मोठा रोहित बारीक जीव-किडे आणि कोळंबीच्या पिल्लाएवढं काहीबाही खातो. तुमच्या पागेत (फेकजाळ्यात) येणाऱ्या चिंबोरीला त्याच्या चोचीत जागाच नाही. उलट खाडीत शेवाळ एवढं वाढलं त्यात शहराच्या सांडपाण्याचा हात आहे. ज्या पाण्याने तुमची मासळी गेली, त्याच पाण्याने ही पाखरं थांबली. राग धरायचा तर नाल्याच्या तोंडाशी जाऊन धरा.


प्रश्न : खाडी रामसर झाली म्हणजे अभयारण्य वाढलं का?
— एक वाचक, कोपरी

उत्तर : नाही. रामसर हे इराणमधलं गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळींचा करार झाला, भारत त्यात १९८२ मध्ये गेला. ठाणे खाडी २०२२ मध्ये यादीत आली, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली तिसरी. रामसरचं क्षेत्र अभयारण्यापेक्षा बरंच मोठं आहे, साडेसहा हजार हेक्टरच्या आसपास. पण अभयारण्याची हद्द होती तिथेच आहे.


प्रश्न : आमच्या खाजगी खाजणाची (खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीची) मोजणी करायची आहे. मोजणीसाठी रेषेतली तिवरं छाटावी लागतील, असं एक एजंट सांगतो. छाटू का?
— एक वाचक, कोलशेत

उत्तर : अजिबात नाही. एजंटाला तिवरं छाटून हवी असतील तर त्याचं कारण मोजणी नाही. आता खात्याकडे उपग्रहावर चालणारे रोव्हर आहेत, साखळी ताणायला सरळ रेषा मोकळी लागत नाही. कोपऱ्याच्या बिंदूपर्यंत माणूस पोचला आणि वर थोडं आकाश मोकळं असलं की झालं.

पोचण्याचं मात्र बघा. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी पौर्णिमेला खाडीत मोजणी लावली होती. कॅलेंडर पाहिलं नव्हतं, कारण मी तालेवार. दुपारी भरती चढली आणि आम्ही तिघं एका मोडक्या बांदावर, साखळी गळ्यात, जेवणाचे डबे डोक्यावर, असे चार तास उभे. बरोबरचा शिपाई कोळ्यांचा पोर, तो एवढंच म्हणाला, “साहेब, आज उधान हाय, भांगाला यायचं व्हतं.”

तर अर्ज भरताना मोजणीची तारीख अष्टमीच्या आसपासची मागून घ्या. तेव्हा भांग असतो, भरती कमी चढते, तिवरांच्या मुळांत पाणी फार वेळ राहत नाही. आणि पायात बूट नको, चिखल ओढून घेतो.